आवाज आहे तोवर

वाचकहो, घरातील ज्येष्ठ व्यक्तीचा आवाज आपण शेवटचा लक्षपूर्वक कधी ऐकला होता? रक्तदाब आपण मोजतो, रक्तातील साखर तपासून घेतो, चालताना तोल जातो का याकडेही लक्ष ठेवतो. आवाज मात्र दिवसेंदिवस खाली जात असला, तरी ‘जरा मोठ्याने बोला ना’ एवढे म्हणून आपण पुढच्या कामाला लागतो. वैद्यकीय व्यवसायात इतकी वर्षे घालवूनही मी हेच केले. माझ्या त्या चुकीची, आणि त्यानंतर एका वृद्ध दांपत्याने नेटाने पार पाडलेल्या कामाची ही हकीकत आहे. दोघांच्या अनुमतीने, ओळख पटेल असे तपशील वगळून ती सांगतो.

मुलुंड पूर्वेच्या माझ्या दवाखान्यात अनेक वर्षांपासून येणारे एक काका आहेत. वय ७६. रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले. दिवसभर आकड्यांत बुडालेला हा माणूस संध्याकाळी पेटी पुढे ओढून स्वतःची पदे रचीत असे. शब्द त्यांचे, चालही त्यांची. इमारतीचा गणेशोत्सव आणि गुरुवारचे भजन हेच त्यांचे व्यासपीठ. चाळीस वर्षांत जमलेली पदे रेक्झिनच्या पुठ्ठ्याच्या तीन वह्यांत सुवाच्य अक्षरात उतरवलेली होती. तथापि त्या वह्यांत केवळ शब्द होते. काकांनी गाण्याचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते, त्यांना स्वरलिपी येत नव्हती. चाली होत्या त्या त्यांच्या गळ्यात.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात ते म्हणाले, “डॉक्टर, आवाज लागत नाही.” मी घसा पाहिला. किंचित लाली होती. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगितल्या. महिन्याभराने तीच तक्रार आली, तेव्हा आम्लपित्ताची गोळी दिली. तिसऱ्या वेळी बाहेर रुग्णांची रांग होती. मी म्हणालो, “काका, वय झालं आता. आवाजाचंही वय होतं.” ते हसले आणि गेले.

नोव्हेंबरात पेन्शनच्या कामासाठी ते बँकेत गेले, तेव्हा सही जुळत नाही म्हणून कागद परत आला. तो कागद घेऊन ते सहज दवाखान्यात डोकावले. मी सही पाहिली. पहिले अक्षर ठीक होते, पुढची अक्षरे लहान लहान होत शेवटी मुंगीएवढी झाली होती. त्यांना दारापर्यंत चालत जाऊन परत यायला सांगितले. डावा हात चालताना हलत नव्हता. काकूंना विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “वर्षभर झालं, यांना फोडणीचा वास येत नाही.” मेंदुविकारतज्ज्ञांनी निदान केले ते पार्किन्सन्सचे. थरथर अजून अगदीच कमी होती. रोगाने पहिली खूण आवाजात दिली होती आणि ती मी तीनदा ऐकून न ऐकल्यासारखी केली होती.

आवाज का खालावतो?

वाढत्या वयात प्रत्येकाचाच आवाज बदलतो. स्वरयंत्रातील पट्ट्या पातळ होतात, त्यांची लवचीकता घटते, उच्चारताना त्या पूर्ण मिटत नाहीत आणि हवा वाया जाते. फुप्फुसांची ताकदही उणावते. त्यामुळे पुरुषांचा आवाज काहीसा बारीक, तर स्त्रियांचा जाडसर होतो आणि लांब वाक्य एका दमात पुरे होत नाही. हा वयाचा भाग झाला. तरीही सर्दीखोकला नसताना तीन आठवड्यांहून अधिक काळ आवाज घोगरा राहिला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्र तपासून घ्यावे. तंबाखू वा धूम्रपानाची सवय असेल, तर तीन आठवडेही थांबू नये.

पार्किन्सन्सची गोष्ट निराळी. तेथे आवाज हळू आणि एकसुरी होतो. त्यातली खरी अडचण अशी की, आपण हळू बोलत आहोत हे रुग्णाच्या स्वतःच्या ध्यानात येत नाही. त्याला आपला आवाज पुरेसा मोठा वाटतो. घरचे ओरडतात, ‘पुटपुटू नका’. त्याला वाटते, ‘यांनाच ऐकू येत नाही.’ रोज होणारे हे भांडण पुष्कळ घरांत चालते आणि त्याचे मूळ आजारात आहे, हे कोणी सांगत नाही. शेवटी रुग्ण बोलणेच कमी करतो. काका गुरुवारच्या भजनाला जाईनासे झाले होते, ते याच कारणाने.

औषधांनी हालचाल सुधारते, आवाज मात्र त्या मानाने थोडाच सुधारतो. त्यासाठी स्पीच थेरपिस्टची मदत लागते. ली सिल्व्हरमन या पार्किन्सन्स झालेल्या अमेरिकन महिलेच्या नावाने ओळखली जाणारी एक उपचारपद्धती आहे. आठवड्यातून चार, अशी चार आठवड्यांत सोळा सत्रे त्यात असतात आणि उद्दिष्ट एकच असते, मोठ्याने बोलणे. मुंबईतील ‘पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी’ २००१ पासून रुग्णांसाठी आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी आधारगट चालवते. पुण्यातही पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. निदान झाल्यावर पहिल्या काही महिन्यांतच अशा ठिकाणी पोहोचावे, असे मी आता आग्रहाने सांगतो.

“चाली कुठे ठेवू?”

निदान समजल्यावर काका काही वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “डॉक्टर, हात थरथरायचे ते थरथरू देत. पेटी वाजवायला नातू आहे. पण चाली कुठे ठेवू?” या प्रश्नाचे औषध माझ्यापाशी नव्हते. मी म्हणालो, “आवाज आहे तोवर ध्वनिमुद्रण करून ठेवा.”

दोन आठवड्यांनी त्यांचा मुलगा एक कागद घेऊन आला. अल्बम काढून देणाऱ्या एका कंपनीचा तो प्रस्ताव होता. स्टुडिओ, वादक, प्रकाशन समारंभ, जाहिरात, सारे मिळून सव्वादोन लाख रुपये. विक्रीतून पैसे परत येतील, असे आश्वासन तोंडी होते, कागदावर नव्हते. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत गाण्यांचे सर्व हक्क कंपनीकडे जातील असे कलम होते. काका मुदतठेव मोडायला तयार झाले होते. काकूंचे म्हणणे होते की औषधे, फिजिओथेरपी आणि पुढे लागणारा मदतनीस, हे सारे त्याच ठेवीतून व्हायचे आहे. दोघांचेही खरे होते. आजारपणाच्या पहिल्या धक्क्यात माणूस घाईने मोठे निर्णय घेतो, आणि त्या घाईचा लाभ उठवणारेही भेटतात. मी एवढेच सुचवले की एक महिना थांबा, सही करू नका.

त्या महिन्यात मी त्यांना ‘इंडियन ओशन’ची गोष्ट सांगितली. दिल्लीच्या या वाद्यवृंदाचे नाव आपल्यापैकी काहींनी नातवंडांकडून ऐकले असेल. त्यातील राहुल राम हे तरुणपणी नर्मदा बचाव आंदोलनात काम करीत होते, म्हणजे आपल्या नंदुरबारकडच्या नर्मदाकाठाशीही या मंडळींचा धागा जुळतो. या वृंदातील तबलावादक आणि गायक असीम चक्रवर्ती यांचे २५ डिसेंबर २००९ रोजी हृदयविकाराने निधन झाले. त्यापूर्वी त्यांच्या आवाजात काही गाणी ध्वनिमुद्रित होऊन तयार होती. आधीचे अल्बम कंपन्यांमार्फत निघाले होते, या वेळी मात्र सोबत्यांनी वेगळा मार्ग धरला. २५ जुलै २०१० पासून दरमहा एक गाणे त्यांनी आपल्या संकेतस्थळावर ठेवले. कोणीही यावे, एक पैसाही न देता उतरवून घ्यावे. अल्बमचे नाव ‘१६/३३० खजूर रोड’. करोलबागेतील ज्या जुन्या बंगल्यात त्यांचा सराव चाले, त्याचा तो पत्ता. गाणी ऐकणाऱ्यांपर्यंत थेट पोहोचावीत आणि चरितार्थ जाहीर कार्यक्रमांतून चालावा, असा हा हिशेब होता.

परदेशातही असे प्रयोग त्याआधी झाले होते. इंग्लंडच्या ‘रेडिओहेड’ने २००७ मध्ये ‘इन रेनबोज’ हा अल्बम ‘हवे तेवढे द्या, न दिले तरी चालेल’ अशा अटीवर श्रोत्यांना दिला. पण मला स्वतःला अधिक जवळची वाटते ती दिल्लीची गोष्ट, कारण तिच्यात मागे उरलेला एक आवाज आहे. तो आवाज कपाटात ठेवावा, विकावा की वाटावा, हा प्रश्न त्या मित्रांपुढे होता आणि त्यांनी तो वाटून टाकला.

काकांनी विचारले, “पण फुकट दिलं तर लोक किंमत ठेवतील का?” उत्तर काकूंनी दिले. “गीतरामायण आपण काय तिकीट काढून ऐकलं होतं?” १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवरून गदिमांची ५६ गीते सुधीर फडके यांच्या चालींवर आठवड्याला एक अशी वर्षभर प्रसारित झाली. ज्या घरी रेडिओ असे, तेथे शेजारीपाजारी जमत. काकू तेव्हा लहान होत्या, गिरगावच्या चाळीत शेजारच्या बिऱ्हाडात दाराशी बसून ऐकायच्या. त्या गीतांची किंमत कोणी कमी केली नाही.

मोफत कोणाला?

येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. गाणे ऐकणाऱ्याला मोफत द्यायचे, म्हणून वाजवणाऱ्यालाही मोफत राबवायचे नाही. ज्यांचे पोट कलेवर आहे, त्यांच्याकडून फुकटाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. काकांचे पोट पेन्शनवर होते, म्हणून हा निर्णय त्यांना परवडला. तबल्याच्या साथीला आलेल्या तरुणाला त्यांनी दर बैठकीचे मानधन त्याच दिवशी दिले. पैसे उभे करण्याचेही अनेक मार्ग असतात. सुरेश भटांच्या कवितेचे ‘मराठी अभिमानगीत’ कौशल इनामदार यांनी लोकवर्गणीच्या बळावर, शेकडो गायकांना एकत्र आणून साकारले आणि २०१० च्या मराठी भाषा दिनी ते लोकांपुढे आले. काकांच्या कामाला इतक्या बळाची गरज नव्हती. एक बरा मायक्रोफोन, नातवाचा लॅपटॉप आणि साथीदाराचे मानधन, एवढाच खर्च झाला. मुदतठेव जागेवर राहिली.

मोफत देणे म्हणजे हक्क सोडणेही नव्हे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार गीताचे शब्द आणि चाल यांवरील हक्क निर्मात्याच्या हयातीत आणि निधनानंतर ६० वर्षे राहतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही, मात्र तारीखवार पुरावा जवळ असावा. काकांनी एका कागदावर पदांची यादी, रचनेची साधारण वर्षे आणि ‘कोणीही गावे, वाटावे, नाव द्यावे, विक्री करू नये’ एवढे लिहून सही केली. अशा अटींचे तयार परवाने ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ नावाने जगभर वापरले जातात. तबलावादकाची संमतीही लेखी घेतली. एका पदाची चाल जुन्या चित्रपटगीताच्या फार जवळ जात होती, ते पद त्यांनी स्वतःहूनच गाळले.

सकाळचे चाळीस मिनिट

ध्वनिमुद्रण घरीच झाले. माझे काम त्यात वेळापत्रकाचे होते. पार्किन्सन्सच्या गोळीचा परिणाम जाणवू लागल्यावरचा काळ हालचालीस उत्तम असतो. ही गोळी जेवणाच्या साधारण अर्धा तास आधी घेतलेली बरी, कारण प्रथिनयुक्त आहारासोबत ती घेतल्यास तिचा परिणाम कमी होऊ शकतो. (आपापल्या औषधांच्या वेळा मात्र आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवाव्यात.) म्हणून सकाळी साडेसात ते सव्वाआठ ही वेळ ठरली. बैठक चाळीस मिनिटांची, आठवड्यातून तीन दिवस. आधी स्पीच थेरपिस्टने शिकवलेला ‘आ’काराचा सराव, मग पाणी, मग गाणे. पाठ सरळ राहील अशी हात असलेली खुर्ची. दम लागला की थांबायचे, ‘अजून एकदा’ म्हणायचे नाही.

खोलीच्या भिंतींना गोधड्या आणि गाद्या टेकवल्या. पंखा बंद, मे महिना. लोकलचा भोंगा वाजला की थांबावे लागे. शेजारच्या कुकरच्या शिट्टीवर तर वेळापत्रक बेतावे लागले. नातवाने लॅपटॉपवर आवाजाची उंची दाखवणारी रेघ काकांसमोर ठेवली होती. ती रेघ खाली गेली की त्यांना आपला आवाज पडल्याचे कळे आणि ते आवाज चढवीत. आपला आवाज आपल्याला कळत नाही, या आजाराच्या मुख्य अडचणीवर तो उपाय ठरला. थेरपिस्टनाही तो आवडला.

ठरली होती अकरा पदे. आठ झाली. नवव्याला वरचा स्वर लागेना. तीन दिवस प्रयत्न झाले. तिसऱ्या दिवशी काकांनी वही मिटली आणि म्हणाले, “ही तीन गेली.”

त्यानंतर जे घडले, ते मला नातवाने सांगितले. स्वयंपाकघराच्या दारातून काकूंनी ते पद पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटले. कोठे वळायचे, कोठे थांबायचे, सारे जसेच्या तसे. चाळीस वर्षे संध्याकाळी भाजी निवडताना त्या ऐकत आल्या होत्या. त्यांना कोणी कधी ‘म्हणा’ म्हटले नव्हते, आणि त्याही कधी म्हणाल्या नव्हत्या. उरलेली तीन पदे काकूंच्या आवाजात आहेत. काका मध्ये मध्ये ध्रुवपद धरतात, जेवढे जमेल तेवढे.

वाचकहो, रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीकडे आपण गोळ्यांच्या वेळा आणि पथ्यपाणी सांभाळणारी म्हणून पाहतो. दवाखान्यात मीही काकूंना नेहमी काकांबद्दलच विचारीत आलो. त्यानंतर त्यांचाही रक्तदाब पाहू लागलो, तो वाढलेला निघाला. त्यांची झोप चार तासांवर आली होती. आता आठवड्यातून दोन दुपारी एक मदतनीस येते आणि काकू बाहेर पडतात.

कोजागरीच्या रात्री इमारतीच्या गच्चीवर अकराही पदे सर्वांनी ऐकली. दुधासोबत प्रत्येक बिऱ्हाडाला एक पेनड्राइव्ह मिळाला आणि त्याच रात्री नातवाने गाणी यूट्यूबवर ठेवली. काही फार मोठा बोलबाला झाला नाही. ऐकणाऱ्यांची संख्या शेकड्यांतच आहे. पण गुरुवारच्या भजनात आता त्यातली दोन पदे इतर मंडळी म्हणतात आणि काका ऐकायला जातात. चाल कोठे चुकली, तर बोट वर करून थांबवतात.

आजार थांबलेला नाही, हेही मी सांगायला हवे. यंदा गोळ्यांची मात्रा वाढवावी लागली. आज तीच पदे त्यांना त्या उंचीवर गाता येणार नाहीत. माझ्या हातून गेलेले ते पहिले काही महिने मिळाले असते, तर कदाचित अकराही पदे त्यांच्याच आवाजात झाली असती. काकांना मी तसे एकदा म्हणालो. ते म्हणाले, “मग हिचा आवाज कुठे मिळाला असता?” हा त्यांचा मोठेपणा. माझी चूक त्याने मिटत नाही. आता ‘आवाज लागत नाही’ म्हणणाऱ्या प्रत्येक ज्येष्ठाला मी एक कोरा कागद देतो आणि दोन ओळी लिहायला सांगतो, दारापर्यंत चालायला सांगतो.

आपल्यासाठी काही सूचना करून थांबतो. घरात कोणी ओव्या, आरत्या, अंगाईगीते, स्वतःची पदे वा नुसत्या जुन्या हकीकती सांगणारे असेल, तर ते आजच ध्वनिमुद्रित करावे. त्यासाठी मोबाइल पुरेसा आहे. खिडक्या आणि पंखा बंद करून मोबाइल तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवावा. सुरुवातीला नाव, तारीख आणि गाव त्यांच्याच आवाजात घ्यावे. एका वेळी अर्ध्या तासाहून अधिक काळ बसवू नये. ध्वनिफितीची प्रत किमान दोन ठिकाणी ठेवावी. जगाला द्यायची की घरापुरती ठेवायची, हे ज्याचा आवाज त्याने ठरवावे. मोठ्या रकमेचा करार कोणी पुढे केला, तर महिनाभर थांबावे आणि घराबाहेरच्या एका विश्वासू माणसाला तो वाचून दाखवावा.

आणि ध्वनिमुद्रण करताना तो आवाज पूर्वीहून हळू, एकसुरी किंवा थकलेला वाटला, तर ती ध्वनिफीत घेऊनच आपल्या डॉक्टरांकडे जावे. रांग मोठी असली तरी त्यांना ती ऐकायला लावावी.